कोण लिहायचं थांबलं, ते बघ

पोरी,

परवा फोनवर तुझा आवाज बसलेला होता. "आत्या, बातम्यांखाली दिवसाला आठ-नऊशे प्रतिक्रिया येतात, मी नुसती उडवत बसते, घरी आले तरी त्या शिव्या कानात वाजत राहतात," एवढं बोललीस आणि लगेच दादाच्या गुडघेदुखीवर आलीस. मला रात्री झोप लागली नाही. सकाळी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. तिच्यात माझ्या टेबलाच्या वह्या आहेत.

१९८४ ते २०१५ मी सांगलीत एका दैनिकात वाचकांच्या पत्रांचं टेबल सांभाळलं. तुझ्यापुढे पडदा आहे, माझ्यापुढे पोस्टाचा थैला असायचा. वेग सोडला तर काम एकच: लोकांनी लिहिलेलं वाचायचं, त्यातलं चारचौघांत काय जाईल ते ठरवायचं, आणि ठरवलं त्याचा जाब कुणी विचारला तर उत्तर द्यायला उभं राहायचं. हे काम कुणी शिकवत नाही. मलाही कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून जे चुकतमाकत कळलं ते तुला लिहून ठेवते आहे.

ही जागा किरकोळ आहे असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. पत्रांच्या टेबलावर नव्या पोराला नाहीतर रुसलेल्या म्हाताऱ्याला बसवायची आमच्याकडे रीत होती. पण १८४८ साली मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या टोपणनावाने पत्रं यायला लागली, ती आठव. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचविशीतले, सरकारी चाकरीतले. स्वतःच्याच जातीच्या आळसावर, जुन्या रूढींवर, बायकांच्या हालांवर त्यांनी सडकून लिहिलं. अशी १०८ पत्रं झाली. त्यांनाच आज आपण 'शतपत्रे' म्हणतो. संपादक भाऊ महाजन होते. "लोक खवळतील, कशाला उगाच," असं म्हणून त्यांनी पहिलंच पत्र बाजूला सारलं असतं, तर मराठीतलं एक मोठं पुस्तक जन्माला आलं नसतं. दर सोमवारी दोन दिवसांचा थैला एकदम फुटायचा तेव्हा मला हे आठवायचं. नाही म्हणायला हात उचलला की क्षणभर थांबायची सवय त्यातूनच लागली.

तू दोनच ढीग करतेस, हे तुझ्या बोलण्यावरून कळलं. हो आणि नाही. तिसरा कर. माझ्या टेबलावर तीन खोके होते, तिसऱ्यावर 'थांब' असं लिहिलेलं होतं. ज्या पत्राने माझं डोकं तापायचं ते त्यात जायचं. ज्या पत्राने मला फार बरं वाटायचं, माझ्याच मनातलं कुणी बोललंय असं वाटायचं, तेही त्यातच जायचं. दुपारचा चहा झाला की ते खोकं उघडायचं. सकाळी उद्धट वाटलेल्या पत्रात दुपारी एक खरी तक्रार दिसायची. सकाळी टाळ्या घ्याव्यात असं वाटलेलं पत्र दुपारी वाचलं की कळायचं, यात पुरावा एक नाही, नुसतं माझं मत आहे. माझ्या बहुतेक चुका मी 'थांब' खोकं न वापरता केल्या. तुझ्या कामात वेळ नसतो हे मला मान्य आहे. पण एखादी प्रतिक्रिया दोन तास उशिरा दिसली म्हणून कुणाचं नुकसान होत नाही. घाईत दिसली म्हणून होतं.

आता कसोटी. ती एका ओळीची आहे: करणीवर बोललाय की जन्मावर?

"नगरसेवकाने एकाच गटाराचं बिल दोनदा काढलं, लाज वाटायला हवी." शब्द कडक आहेत, जाऊ दे. दोनदा बिल निघालं का, ते मात्र विचारून घे. "या आडनावाकडून आणखी काय अपेक्षा करणार!" यात एकही वाईट शब्द नाही, तरी हे जाता कामा नये. आपल्याकडे जात काढायला जातीचं नाव लागत नाही, पोरी. आडनावावरून काढतात, आळीवरून काढतात, ताटात काय वाढलंय त्यावरून काढतात, भाषेच्या हेलावरून काढतात. नुसतं 'तुमच्याकडे चालत असेल' म्हणूनही काढतात. आणि आपल्या जुन्या म्हणी! त्यातल्या कितीतरी एखाद्या जातीच्या, विधवेच्या, आंधळ्या-पांगळ्याच्या तोंडावर फेकलेल्या दगडासारख्या आहेत. लिहिणारा "नुसती म्हण आहे हो" म्हणून सुटायला बघतो. त्याला सुटू देऊ नकोस. ती वाचणाऱ्या घरात शाळेत जाणारं पोर असतं.

तुमच्याकडे शब्दांची यादी लावली आहे, त्यातला शब्द आला की प्रतिक्रिया आपोआप अडकते, असं तू सांगितलंस. ती यादी एकदा स्वतः बसून वाच. 'कुत्रा', 'डुक्कर', 'गाढव' हे शब्द तिच्यात असणारच. मग मोकाट कुत्र्यांच्या बातमीखाली ज्याच्या लेकराला कुत्रं चावलंय त्याचं म्हणणं अडकणार. रानडुकरांनी ऊस लोळवला म्हणून सांगणारा शिराळ्याचा शेतकरी अडकणार. पौष पौर्णिमेला जेजुरीला भरणाऱ्या गाढवांच्या बाजारावर कुणाला बोलताच येणार नाही. आणि आडनावाचा टोमणा मारणारा सभ्य माणूस बिनदिक्कत पुढे जाईल. त्यातून बोलीचं वेगळंच. कोल्हापुरात जिवलग मित्राला हाक मारायला जो शब्द वापरतात तो पुण्यात शिवी ठरतो. मालवणी आजी नातवाला 'मेल्या' म्हणते. यादीला हे कळायचं नाही, तुला कळतं. यादीने अडकवलेलं रोज अर्धा तास काढून बघत जा, आणि न अडकलेल्यावर जास्त लक्ष ठेव.

सांगली-मिरजेत ही कसोटी मला सगळ्यात जास्त कामाला आली ती पुराच्या वेळी. २००५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, आणि पाणी ओसरल्याबरोबर पत्रांचा पूर आला. निम्मी पत्रं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर. धरणाच्या फुगवट्यानेच आपण बुडालो, असं म्हणणारी एक बाजू. नदीपात्रातली अतिक्रमणं आणि पावसाचं प्रमाण बघा, असं म्हणणारी दुसरी. हा वाद अजून चालू आहे आणि चालायलाच हवा, त्यात लोकांची घरं आहेत. एका निवृत्त इंजिनिअरने विसर्गाचे आकडे आणि तारखा मांडून अडीच पानी पत्र पाठवलं होतं. ते मी न कापता छापायला लावलं, त्यासाठी पानावरून एक जाहिरात हलवली. पण काही पत्रांत धरण राहायचं बाजूला आणि कानडी माणसावर घसरायचं. मिरजेत आणि जत तालुक्यात घरात कानडी बोलणारी हजारो माणसं आपलाच पेपर वाचतात. त्यांचीही भांडीकुंडी त्याच पाण्यात गेली होती. त्या पत्रांतल्या धरणावरच्या ओळी ठेवल्या, माणसांवरच्या काढल्या, आणि लिहिणाऱ्याला तसं कळवलं. तिघांनी मान्य केलं. एकाने पेपर बंद केला. त्याच्याबद्दल मला वाईट वाटलं, पण निर्णयाबद्दल नाही.

पुरात आणखी एक झालं. एक गृहस्थ भिजलेल्या कपड्यांनी कार्यालयात आले, हातात चिठ्ठी: धरणाची भिंत खचली, गाव सोडा, लगेच छापा. माणूस खोटा नव्हता. त्याला कुणीतरी सांगितलं होतं आणि त्याने ते मनापासून खरं मानलं होतं. मी चिठ्ठी 'थांब' खोक्यात टाकून पाटबंधारे खात्याला फोन लावला. असं काही झालेलं नव्हतं. अफवा आणणारा बहुतेक वेळा भ्यालेला असतो. त्याला झापू नकोस, खरी माहिती दे आणि ती त्याच्या नावाने पुढे जाऊ दे. "यांनी विचारलं, आम्ही खात्री केली, तसं नाही." त्याचं भयही जातं आणि त्याची मानही राहते.

आता जे खरं सांगायचं आहे त्यावर येते.

२२ जून १९९४ ला महाराष्ट्रात कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हिस्सा मिळाला. आम्ही पत्रं मागवली. पहिल्या आठवड्यात चांगली चाळीस-पन्नास आली, त्यात चौदा बायकांची. द्राक्षबागेत राबणारीचं होतं, शाळामास्तरणीचं होतं. माहेरी परत आलेल्या एकीचं वहीच्या रेघी पानावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. मग उत्तरं यायला लागली. "भावाच्या ताटातलं ओढणारी बहीण कसली?" "माहेरची साडी हवी की जमिनीचा तुकडा, एकदा ठरवा." शिवी एकात नाही, कसोटीला लावलं तर एकेक पत्र पार होत होतं. मी ती सगळी जाऊ दिली. चार आठवडे पान नुसतं पेटलेलं होतं. चहाच्या टपरीवर लोक आमच्या पानावर वाद घालत होते, संपादक माझ्यावर खूश होते.

पाचव्या आठवड्यात मी वहीत नोंदी करत होते. मी प्रत्येक पत्राचं गाव आणि बाई-बाप्या अशी खूण करत असे, का करत असे ते मलाही सांगता आलं नसतं. त्या आठवड्यात एकाही बाईचं पत्र नव्हतं. मागची पानं उलटली: चौदा, नऊ, चार, एक, शून्य. पान भरलेलं होतं, वाद जोरात होता, आणि ज्यांच्या हिश्श्याचा प्रश्न होता त्या सगळ्या उठून गेल्या होत्या. मला पत्ताही लागला नव्हता.

त्या रविवारी मी एसटीने तासगावला गेले. पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या त्या शिक्षिकेचा पत्ता माझ्याकडे होता. तिने चहा केला, मग म्हणाली, "बाई, तुमच्या पेपरात मला कुणी वाईट बोललं नाही. पण पारावर ह्यांना रोज विचारतात, तुमच्या घरात पेपरवाली कोण ते. मी आता लिहायची नाही." परत येताना खिडकीशी बसून मी रडले. एकेक पत्र तपासून मी स्वतःला न्यायी समजत होते. ती पत्रं एकावर एक रचली की त्यांची भिंत होते, हे बघायला मी मागे सरून उभीच राहिले नव्हते.

पुढच्या आठवड्यात मी संपादकांशी भांडून पूर्ण पान फक्त बायकांना दिलं. नाव-पत्ता आमच्याकडे नोंदलेला, छापताना नुसतं 'तासगाव तालुका', 'कवठेमहांकाळ तालुका'. पहिल्या आठवड्यातल्या चौदाही जणींना कार्डं टाकून पुन्हा लिहायला विनवलं. सहा परत आल्या. बाकीच्या आठ कधीच आल्या नाहीत.

म्हणून तुला सांगते, तू किती प्रतिक्रिया उडवल्यास याचा हिशेब तुझे वरिष्ठ ठेवतील. तू दुसरा हिशेब ठेव: कोण लिहायचं थांबलं. महिन्यातून एकदा मागचा महिना उघड आणि बघ, तेव्हा बोलणारी कोणती नावं आता दिसत नाहीत. कोणत्या बातमीखाली ती शेवटची बोलली, त्यांना उत्तर कुणी दिलं, कोणत्या सुरात दिलं. आणि एकूण प्रतिक्रियांतल्या निम्म्या किती जणांच्या आहेत तेही मोज. बहुतेक ठिकाणी मूठभर माणसंच सगळ्यांच्या वाटची जागा बळकावून बसलेली दिसतील. ती वाईट असतात असं नाही. आमचे काही रोजचे पत्रलेखक फार गुणी होते, निवृत्त मास्तर, तलाठी, एक होमिओपॅथ. त्यांना मी आठवड्याला एकच पत्र असा नियम सांगितला होता. दहा जण एकच गोष्ट म्हणत असले तर त्यातलं सगळ्यात नीट लिहिलेलं एक घ्यायचं आणि खाली लिहायचं, 'याच आशयाची आणखी नऊ पत्रे आली.' म्हणणं कुणाचं बुडत नाही आणि जागा मोकळी राहते.

खालची वर्दळ वरची बातमी बदलते, हे तर आता अभ्यासातही दिसलेलं आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली छापलेल्या अभ्यासात एकच लेख दोन गटांना वाचायला दिला होता. एका गटाला खाली सभ्य प्रतिक्रिया, दुसऱ्याला शिवराळ. शिवराळ वाचलेल्यांची त्या विषयावरची मतं जास्त टोकाला गेली. लेख तोच होता. त्याच वर्षी 'पॉप्युलर सायन्स' या जुन्या मासिकाने आपल्या संकेतस्थळावरच्या प्रतिक्रिया बहुतेक बंदच करून टाकल्या. मला तो मार्ग पटत नाही. नॉर्वेच्या 'एनआरके' या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या तंत्रज्ञान विभागाने २०१७ मध्ये केलं ते मला जास्त आवडलं: लिहिण्याआधी लेखावरच्या तीन सोप्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. नुसता मथळा वाचून तुटून पडणारे तिथेच थांबतात आणि ज्याने वाचलंय त्याला काही अडचण येत नाही. तुमच्याकडे असं करता येईल का, विचारून बघ. ते नाही जमलं तर पहिल्या पाच-सहा प्रतिक्रियांवर तरी जीव लाव. ओट्यावर पहिली बसणारी माणसं जसं बोलतात तसंच मागून येणारी बोलतात. माहितीची, प्रश्न विचारणारी, स्वतः पाहिलेलं सांगणारी प्रतिक्रिया आधी दिसू दे.

नावांबद्दल तू विचारलं होतंस. टोपणनाव पाप नाही, लोकहितवादींचंच उदाहरण वर दिलं आहे. खरं नाव सक्तीचं केलं की भाषा सुधारते असं पुष्कळांना वाटतं. दक्षिण कोरियाने २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची ओळख पटवून घेण्याचा कायदा लावून पाहिला. २०११ मध्ये तिथल्या एका कंपनीकडून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, आणि २०१२ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला. नाव लोकांना दिसायलाच हवं असं नाही. आपल्याला मात्र माणूस ठाऊक हवा.

तो ठाऊक नसला की काय होतं ते मी भोगलं आहे. एका सहकारी संस्थेच्या कारभारावर पत्र आलं, नाव-पत्ता पूर्ण, सही ठसठशीत. मी छापलं. दुसऱ्या दिवशी त्या नावाचा माणूस दारात, चेहरा पांढरा पडलेला. त्याने काही लिहिलेलंच नव्हतं. कुणीतरी त्याचं नाव घालून दुसऱ्याचा सूड उगवला होता. त्याची त्या संस्थेतली नोकरी जाता जाता राहिली. आम्ही दिलगिरी छापली, पण दिलगिरी मूळ पत्राइतके लोक वाचत नाहीत. त्यानंतर आरोपाचं एकही पत्र मी कार्ड टाकल्याशिवाय छापलं नाही. 'आपले अमुक तारखेचे पत्र मिळाले, ते आपलेच ना?' एवढंच लिहायचं. उत्तर आलं तर पुढे, नाही आलं तर नाही. पन्नास पैशांच्या पोस्टकार्डाने किती घरं वाचली असतील! तुझ्याकडे तर फोन आहे, मेल आहे.

कात्री चालवताना फार जपायचं. लांबलेलं कापावं, पण आपला शब्द त्यात घालू नये. आटपाडीकडच्या एका धनगर आजोबांचं कार्ड आलं होतं, चाऱ्याच्या छावणीबद्दल. अक्षर मोडकं, भाषा तिकडची. मी ते हौसेने 'शुद्ध' करून छापलं. पंधरा दिवसांनी दुसरं कार्ड: ते पत्र माझं नव्हं, माझं मला परत द्या. मी मूळ कार्ड शोधून काढलं आणि पुढच्या अंकात त्यांच्याच शब्दांत पुन्हा छापलं. वाचकांना ते इतकं भिडलं की चाऱ्यासाठी लोकांनी पैसे पाठवले. तेव्हापासून मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे, बोली नाही. आणि कुणी दुसऱ्याच्या शुद्धलेखनावरून त्याचं म्हणणं हाणून पाडत असेल, तर तो टोमणा आधी काढत जा. त्या एका टोमण्याने शंभर जण गप्प बसतात.

काही गोष्टींत 'थांब' खोकं नाही, थेट 'नाही'. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची ओळख पटेल असं काहीही, नुसतं गावातलं नातं किंवा शाळेचं नावसुद्धा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने तो गुन्हा आहे, आणि लहान मूल असेल तर पॉक्सो कायद्यानेही. लोक कळवळ्यानेच लिहितात, "आमच्याच गल्लीतली पोर हो ती," तरीही नाही. कुणाचा फोन नंबर, घराचा पत्ता नाही. 'कॅन्सर पंधरा दिवसांत बरा' नाही. आत्महत्येच्या बातमीखाली पद्धतीची चर्चा नाही, गेलेल्या माणसावर निवाडा नाही. तिथे टेलिमानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर दिसत राहील असं बघ. आणि स्वतःबद्दलच कुणी निरवानिरवीची भाषा लिहिली असेल तर ती नुसती खोडू नकोस, त्या माणसाला उत्तर लिही आणि लगेच वरिष्ठांना उठव.

कायद्याचं भय मात्र फार घेऊ नकोस. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचक लैंगिक शंका विचारत आणि कर्वे सरळ शास्त्रीय उत्तर देत. १९३४ साली त्याच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरले, पण मासिक १९५३ पर्यंत, कर्वे जाईपर्यंत, चालू राहिलं. लोकांना अवघडून टाकणारा प्रश्न आणि घाणेरडा प्रश्न, यांतला फरक करायला शिक. आपल्याच पालघरमध्ये २०१२ साली एका मुलीने फेसबुकवर साधं मत लिहिलं आणि दुसरीने ते पसंत केलं, म्हणून दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाखाली असं करता येत होतं ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. तेव्हा 'कुणाला तरी राग येईल' हे कारण उडवायला पुरेसं नाही. नुकसान कुणाचं होईल ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

उडवलंस तर कारण कळव, एक ओळ पुरे. आपल्या मताच्या माणसाची शिवी आधी उडव, म्हणजे दुसऱ्याची उडवताना हात कापत नाही. आपली चूक दाखवणारी प्रतिक्रिया सगळ्यात वर लाव आणि खाली आभार मान. एकदा आम्ही मिरजेच्या तंबोऱ्यांवरच्या लेखात भोपळा कुठून येतो ते चुकीचं छापलं. सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिराने पत्राने ते दुरुस्त केलं, आणि ते पत्र लेखापेक्षा कितीतरी सरस होतं. मी ते चौकटीत छापलं. पुढे तो माणूस वीस वर्षं आमच्याकडे लिहीत राहिला.

राहता राहिलीस तू. कातडी जाड कर असं तुला पुष्कळ जण सांगतील. नको करूस. जाड कातडीच्या माणसाला तासगावची ती बाई कळली नसती. त्यापेक्षा एकटीने वाचू नकोस. आमच्याकडे लिफाफे फोडणारे एक मामा होते. लाल शाईने, मोठ्या अक्षरात लिहिलेली पत्रं ते वेगळी काढून ठेवायचे आणि "ही जेवण झाल्यावर बघा" म्हणायचे. काही तर मला कधी दाखवलीच नाहीत. तुझ्या कार्यालयाला सांग, या कामाला दोन माणसं हवीत, दोन तासांनी पाळी बदलायला हवी. हा हट्ट धर, नोकरी नवी असली तरी धर. तुला स्वतःला धमकी आली तर खोडण्याआधी स्क्रीनशॉट काढ, संपादकांना पाठव, पोलिसात द्यायची असेल तर मी तुझ्याबरोबर येते. आणि रात्री नऊनंतर ते उघडायचं नाही. कबूल कर.

येत्या शनिवारी ये. १९९४ ची वही तुझ्यासाठी काढून ठेवली आहे, खाकी पुठ्ठ्याची. शेवटच्या पानावर त्या आठ जणींची गावं लिहिलेली आहेत. पाच जणींचं मला पुढे कधी ना कधी कळलं. विटा, ढालगाव आणि बेडगच्या तिघींचं नाही. बेडग मिरजेहून काही फार लांब नाही. माझे गुडघे आता दादासारखेच झाले आहेत, पण तू गाडी घेऊन आलीस तर दुपारून जाऊन येऊ.

— आत्या